अंगणात फुलवा गवताचे कारंजे

पाणी कमी, मेहनत कमी आणि रुबाब मात्र भरपूर! मूळचे आफ्रिकेचे असलेले फाउंटन ग्रास आज आपल्याकडच्या बागांतून, रस्त्यांच्या दुभाजकांवरून आणि गच्चीतल्या कुंड्यांतून डोलताना दिसते. ते कसे लावावे, कसे राखावे आणि घरी आणताना कोणती गोष्ट मुळीच विसरू नये, याविषयी ही माहिती.

गवत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक बंगल्यापुढच्या हिरव्यागार लॉनचे आणि दुसरे वाफ्यात नको तिथे उगवणाऱ्या तणाचे. एकाला पाणी पाजता पाजता जीव मेटाकुटीला येतो, तर दुसऱ्याला खुरपता खुरपता. पण या दोहोंपेक्षा वेगळे असे एक तिसरे गवतही असते. ते कापून गालिचा करण्यासाठी नसते, की उपटून टाकण्यासाठीही नसते. ते फुलझाडासारखे ऐटीत वाढवायचे असते. फाउंटन ग्रास हे त्यातलेच एक.

या गवताची लांब, चिंचोळी पाने बुंध्यातून वर उसळतात आणि चोहोबाजूंनी कमान करून खाली झुकतात. त्यामुळे लांबून पाहिले तर कारंजे उडत असल्याचा भास होतो. इंग्रजी नाव पडले ते यामुळेच. पानांच्या वर २० ते ३० सें.मी. लांबीची, मऊ केसाळ कणसे येतात. आधी गुलाबी-जांभळी आणि जून झाली की गव्हाळ. वाऱ्याची झुळूक आली की सारा झुपका असा काही हलतो की पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळावी. कॅनरी बेटांवरचे स्पॅनिश बोलणारे लोक याला 'मांजराची शेपटी' म्हणतात, तेही काही चुकीचे नाही!

बाजरीचे शहरी भावंड

उत्तर व पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानचा कोरडा, खडकाळ मुलूख हे या गवताचे माहेर. शास्त्रीय पुस्तकांत त्याचे नाव बरीच वर्षे 'पेनिसेटम सेटेशियम' असे होते. रोपवाटिकेत आजही ते 'पेनिसेटम' म्हणूनच मिळते. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला 'सेंक्रस' या गटात घातले आहे. आपल्या माळरानावरचे अंजन गवत आणि जनावरांसाठी लावले जाणारे हत्ती गवत हीसुद्धा याच गटातली.

आणखी एक जवळचे नातेवाईक तर आपल्या रोजच्या ताटात असते. ते म्हणजे बाजरी. बाजरीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली आणि इथली होऊन गेली. फाउंटन ग्रासचे कणीस जरा निरखून पाहा, सडपातळ आणि केसाळ झालेल्या बाजरीच्या कणसाची आठवण होईल. बाजरी कमी पाण्यात, हलक्या जमिनीत तग धरते, तोच चिवटपणा या शोभेच्या भावंडातही आहे.

हा चिवटपणा आज फार मोलाचा ठरतो. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूमध्ये पाण्याची इतकी टंचाई झाली की बागेला पिण्याचे पाणी घालण्यास मनाई करण्यात आली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरला. इतर शहरांतही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे नवे राहिलेले नाही. अशा वेळी रोज पाणी मागणाऱ्या लॉनचा एखादा कोपरा कमी करून तिथे असे गवत लावले, तर पाणीही वाचते आणि बागही उजाड दिसत नाही.

हिरवे आणायचे की जांभळे?

रोपवाटिकेत या गवताचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला हिरव्या पानांचा, म्हणजे मूळ जंगली प्रकार. दुसरा 'रुब्रम' या नावाने विकला जाणारा, द्राक्षासवासारख्या गडद जांभळ्या-तांबूस पानांचा संकरित प्रकार. दोन्ही दिसायला सुंदर आहेत. पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिरव्या प्रकाराला परागीभवनाचीही गरज लागत नाही. त्याचे एकटे झाडसुद्धा भरपूर बी धरते. हे बी वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, जनावरांच्या अंगाला, गाडीच्या चाकांना चिकटून दूरवर जाते आणि मातीत काही वर्षे जिवंत राहते. जांभळा रुब्रम मात्र सहसा रुजणारे बी धरत नाही. त्याची वाढ मुख्यतः बुंधे वेगळे करूनच होते. म्हणून घरासाठी निवड करायची तर ती रुब्रमचीच करावी. असे का, ते पुढे सविस्तर सांगितले आहे.

खरेदी करताना नुसते 'पेनिसेटम द्या' म्हणू नका. पाने बुंध्यापासून टोकापर्यंत जांभळी आहेत ना, ते नीट पाहा. पाने हिरवी आणि फक्त कणसे गुलाबी असतील, तर ते रोप परत ठेवा. मात्र सावलीत ठेवलेल्या रुब्रमचाही रंग फिका पडतो, म्हणून उन्हात ठेवलेलेच रोप निवडा.

लागवड कशी कराल?

जागा: दिवसातून किमान ५ ते ६ तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत पाने हिरवट पडतात, झुपका विस्कटतो आणि कणसेही मोजकीच येतात. पश्चिमेकडची रणरणती गच्ची, जिथे इतर फुलझाडे माना टाकतात, ती जागा याला बरोबर मानवते.

माती: पाण्याचा निचरा हीच याची मुख्य अट. विदर्भ-मराठवाड्यासारख्या काळ्या, चिकट जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. तिथे वाफा वीतभर उंच करून घ्यावा व मातीत जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. कोकण-गोव्याच्या उतारावरच्या जांभ्या मातीत निचऱ्याची चिंता नसते, फक्त थोडे शेणखत घालावे.

कुंडी: १२ ते १४ इंचांची, तळाला मोठी भोके असलेली कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा शेणखत व एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरेसे होते. गच्चीवर वारा फार असेल तर प्लॅस्टिकऐवजी मातीची वा सिमेंटची जड कुंडी वापरा, कारण भरलेला झुपका शिडासारखा वारा धरतो आणि हलकी कुंडी आडवी होते.

अंतर: जमिनीत दोन रोपांमध्ये दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. रोप लहान असताना ही जागा ओकीबोकी वाटते, म्हणून बरेचजण दाटीने लावतात. पण एका हंगामातच झुपका तीन-चार फूट उंच होऊन पसरतो. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावा. बुंधा मातीत गाडला गेला की कुजण्याची भीती असते.

लावण्यासाठी पावसाळ्याची सुरुवात किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम.

पाणी, खत आणि वर्षातून एकदा हजामत

लावल्यावर पहिला महिनाभर एक दिवसाआड पाणी द्यावे. मुळे खोल गेली की जमिनीतल्या रोपाला आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर पाणी पुरते. कुंडीतल्या रोपाला उन्हाळ्यात रोज किंवा एक दिवसाआड, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहा. माती ओली लागली तर झारी बाजूला ठेवा. हे गवत तहानेने क्वचितच मरते, लाडाने मात्र हमखास मरते.

खताचेही तसेच. युरियासारख्या नत्रयुक्त खताने पाने भराभर वाढतात खरी, पण ती लुळी पडून झुपक्याची कमान मोडते. वर्षातून दोनदा ओंजळभर कंपोस्ट बुंध्याभोवती पसरले की झाले.

खरे काम असते वर्षातून एकदाच. हिवाळा संपता संपता जुनी पाने वाळून गवत केविलवाणे दिसू लागते. फेब्रुवारीत, नवे कोंब फुटण्यापूर्वी, सगळा झुपका जमिनीपासून अर्धी वीत ठेवून कापून टाका. कापण्याआधी झुपक्याच्या मध्यावर सुतळी घट्ट बांधली, तर सारे गवत पेंढीसारखे एकत्र हाती येते आणि अंगणभर केर होत नाही. पानांच्या कडा खरखरीत असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा कपडा व हातमोजे घाला. मुंबई-गोव्यासारख्या दमट हवेत गवत वर्षभर हिरवे राहते. तरीही वर्षातून एक कापणी केल्याने ते टवटवीत राहते.

दिल्ली, चंदीगड, लखनौ या भागात राहणाऱ्यांनी थंडीत ते निपचित पडले तर घाबरू नये. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करावे. ऊन वाढू लागले की पुन्हा कोंब येतात. शिमला-डेहराडूनसारख्या ठिकाणी मात्र रुब्रम कुंडीतच लावावे आणि कडाक्याच्या थंडीत व्हरांड्यात आत घ्यावे. बर्फ आणि दहिवर त्याला सोसत नाही.

एकाची चार रोपे

दोन-तीन वर्षांनी झुपक्याचा मधला भाग वाळून पोकळ होतो आणि हिरवळ कडेकडेने राहते. याचा अर्थ वाटणीची वेळ झाली. पावसाळ्याच्या तोंडाशी झुपका पाने आखडून कापा, सगळ्या मुळांसकट खणून काढा आणि कुदळीच्या वा कोयत्याच्या धारेने त्याचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात चार-पाच कोंब व भरपूर मुळे असावीत. मधला मेलेला भाग टाकून द्या. हे तुकडे लगेच लावून आठवडाभर सावलीत ठेवा. शेजारणीला वाण म्हणून द्यायला याहून चांगली वस्तू कोणती?

कीड फारशी लागत नाही. क्वचित बुंध्याशी पांढरा पिठ्या ढेकूण किंवा कोवळ्या कोंबांवर मावा दिसतो. एक लिटर पाण्यात ५ मि.लि. कडुनिंबाचे तेल व साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावे. पानांवर तांबूस ठिपके म्हणजे तांबेरा आढळला तर ती पाने कापून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे.

माहेर सोडले आणि बेलगाम झाले

आता त्या महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. हेच देखणे गवत जगातल्या अनेक ठिकाणी मोठी डोकेदुखी झाले आहे. हवाई बेटांवर ते शोभेसाठी म्हणून गेले आणि बागेच्या कुंपणाबाहेर पडून लाव्हाच्या उघड्या खडकांवर, कोरड्या जंगलांत पसरले. उन्हाळ्यात वाळलेले हे गवत काडीपेटीसारखे पेट घेते. आग विझल्यावर त्याच्या मुळांतून पुन्हा कोंब येतात, पण तिथली मूळ झाडे जळून जातात ती परत येत नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेवर आणखी गवत, त्यामुळे आणखी मोठी आग, असे हे दुष्टचक्र सुरू राहते. खुद्द आफ्रिका खंडात, पण त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर असलेल्या दक्षिण आफ्रिकेतही त्याची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये या मूळ हिरव्या गवताचा समावेश आक्रमक परक्या वनस्पतींच्या यादीत केला. त्यामुळे तिथे ते विकण्यास व लावण्यास बंदी आहे.

'ते तिकडे झाले, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून चालणार नाही. आपल्या डोंगरांवर माजलेली घाणेरी म्हणजे टणटणी आणि नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णी, या दोघीही एकेकाळी शोभेची झाडे म्हणूनच या देशात आणल्या गेल्या. आणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला फक्त फुले आवडली होती. सह्याद्रीत दर उन्हाळ्यात वणवे लागतात. तिथल्या पठारांवर जगात दुसरीकडे न आढळणारी इवली फुलझाडे पावसाळ्यात फुलतात. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले कास पठार त्यांपैकीच. अशा ठिकाणांशेजारी फार्महाऊसच्या कुंपणाला हौसेने बी धरणारे गवत लावणे म्हणजे वणव्याच्या वाटेवर वाळले सरण रचून ठेवणे होय.

घाबरून शोभेचे गवत लावायचेच नाही, असे मात्र नाही. थोडी काळजी घेतली की हौसही भागते आणि रानालाही धोका होत नाही.

हे लक्षात ठेवा

• घरासाठी जांभळ्या पानांचा रुब्रमच निवडा. हिरव्या प्रकाराचे बी मागवून पेरू नका.

• झुपक्याच्या आसपास आपोआप बारीक रोपे उगवू लागली, तर तुमचे गवत बी धरणारे आहे असे समजा. ती रोपे लगेच उपटा आणि शक्य तर मूळ झुपकाही काढून टाका.

• हिरवे गवत आधीच लावलेले असेल, तर कणसे गुलाबी असतानाच कापा. ती पिसासारखी फुलून उडू लागण्याची वाट पाहू नका.

• कापलेली कणसे टेकडीवर, नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. पिशवीत घट्ट बांधूनच कचऱ्यात द्या.

• डोंगर, कुरण, जंगल वा नदीकाठाजवळ घर असेल तर आपल्या मातीतला वाळा लावा. त्याचाही झुपका डौलदार दिसतो, उतारावरची माती तो धरून ठेवतो आणि मुळांचा सुगंध वेगळाच. स्वयंपाकघराजवळ गवती चहाही शोभून दिसतो.

• वाळलेले गवत उन्हाळ्यात घराच्या भिंतीला, गॅस सिलिंडरजवळ किंवा लाकडी शेडला लागून राहू देऊ नका.

सजावटीत गवताची शान

रुब्रमचा जांभळा रंग एकटा उठून दिसत नाही, त्याला सोबत लागते. पुढे पांढरी सदाफुली किंवा पिवळा झेंडू आणि मागे गवताची रांग, ही जोडी डोळ्यांना सुखावते. पांढऱ्याफटक कंपाऊंडच्या भिंतीसमोर ओळीने तीन झुपके लावले तरी भिंतीचा रुक्षपणा जातो. फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन येत असेल तर एकच मोठी कुंडी कोपऱ्यात ठेवा. चार-पाच किरकोळ कुंड्यांपेक्षा ती अधिक भारदस्त दिसते.

कणसे नुकतीच बाहेर पडली असताना कापून, जुडी बांधून सावलीत आठ-दहा दिवस उलटी टांगली, तर ती फुलदाणीत महिनोन् महिने टिकतात. उशिरा कापलेली कणसे मात्र घरभर झडतात. यंदा दिवाळीला दिवाणखान्यासाठी प्लॅस्टिकची फुले विकत आणण्यापूर्वी आपल्याच कुंडीतली चार कणसे एखाद्या मातीच्या सुरईत खोचून पाहा. पाहुणे विचारल्यावाचून राहणार नाहीत. आणि त्यांनी रोप मागितले, तर बी नव्हे, बुंध्याचा तुकडाच द्या.