काटक कारखाना आणि हर्बार्टची पंचपदी

चाकूरच्या शिवारात पिकणारी तूर लातूरच्या बाजारात जाते आणि तिथल्या डाळमिलमध्ये तिची डाळ होते. तूर चाळायची, एमरीच्या रुळावर तिला ओरखडे पाडायचे, तेल लावून वाळवायची, मग टरफल काढून भरडायची आणि प्रतवारी करून पोत्यात भरायची. या प्रवासात तूर प्रत्यक्ष यंत्रात असते थोडाच वेळ. उरलेला वेळ ती पडून असते.

यातले काही थांबणे गरजेचे आहे. टरफल आणि दल यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तेल मुरून दाणा वाळल्याशिवाय तो सुटत नाही. पण पुढचे यंत्र मोकळे नाही, पोती लांब रचली आहेत, चाळणी फाटल्याचे उशिरा कळले, अशा कारणांनी जाणाऱ्या वेळाने डाळीत कसलीच भर पडत नाही. या दोन प्रकारच्या थांबण्यांतला फरक ओळखणे हा 'लीन' उत्पादनपद्धतीचा पहिला धडा आहे.

आपल्या 'लीन होणे'शी या शब्दाचा संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ काटक, अंगावर फाजील चरबी नसलेला. १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांनी तो कारखान्यांसाठी वापरला. पद्धत मात्र त्याआधीची, जपानच्या टोयोटा कंपनीतली. तिथे ताइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल.

वर्गात करून पाहा

चार मुलांना ओळीत बसवा. कागदाची २० पाकिटे करायची आहेत. पहिल्याने घडी घालायची, दुसऱ्याने चिकटवायचे, तिसऱ्याने पत्ता लिहायचा, चौथ्याने तिकिटाची खूण करायची. समजा, प्रत्येक कामाला १० सेकंद लागतात.

पहिल्या वेळी प्रत्येकाने २० पाकिटांचा आपला गठ्ठा पूर्ण करूनच पुढे द्यावा. प्रत्येकाला २०० सेकंद लागतील आणि सगळी पाकिटे ८०० सेकंदांनी, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंदांनी तयार होतील. दुसऱ्या वेळी एक पाकीट झाले की लगेच पुढे द्यावे. आता पहिले पाकीट ४० सेकंदांत तयार होईल, नंतर दर १० सेकंदांना एक. विसावे पाकीट हाती येईल २३० सेकंदांनी, म्हणजे ३ मिनिटे ५० सेकंदांनी. दोन्ही वेळा प्रत्येक मुलाने काम केले २०० सेकंदच. कोणीही घाई केली नाही. फक्त पाकिटांचे पडून राहणे कमी झाले.

आता समजा, पहिला मुलगा घडी चुकीची घालतो आणि हे चौथ्याच्या लक्षात येते. गठ्ठ्याच्या पद्धतीत तोवर वीसच्या वीस पाकिटे बिघडलेली असतात. दुसऱ्या पद्धतीत चार. साठा कमी असला की चूक लपून राहत नाही. मुलांना पुढचा प्रश्न विचारा : तिसऱ्याला १० ऐवजी २० सेकंद लागले तर? बाकीच्यांनी वेग वाढवून काही उपयोग होईल का?

शिकवायचे कसे?

ही पद्धत कामगारांना शिकवण्यामागे एक इतिहास आहे आणि तो शिक्षकांना ओळखीचा वाटेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झटपट तयार करावे लागले. त्यासाठी १९४० ते १९४५ या काळात कारखान्यांमध्ये प्रशिक्षणाचा एक मोठा कार्यक्रम राबवला गेला. काम शिकवण्याच्या त्यातल्या पायऱ्या चार : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर मागोवा घेणे. यामागे चार्ल्स ॲलन यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या होत्या. डी. एड., बी. एड. करताना आपण घोकलेल्या हर्बार्टच्या पंचपदीशी त्यांचे साम्य लपत नाही. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानमध्ये गेला आणि टोयोटाच्या प्रशिक्षणाचा भाग बनला. कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही असे समजावे, ही त्यामागची धारणा.

साहेबांचे प्रशिक्षण

कामगारांना शिकवून भागत नाही. टोयोटाच्या जुळणी विभागात कामगाराला अडचण दिसली, तर त्याने दोरी ओढून गटप्रमुखाला बोलवावे अशी सोय केलेली असते. ठरावीक वेळेत अडचण सुटली नाही, तर सगळी ओळ थांबते. या कल्पनेचे मूळ मागात आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड विणलेच जात नसे.

मागाला भीती वाटत नाही, माणसाला वाटते. दोरी ओढल्यावर साहेब "कोणाची चूक?" असे दरडावणार असतील, तर दुसऱ्या दिवशी कोणी दोरीला हात लावणार नाही. "काय झाले?" असे विचारणारा प्रमुख तयार करणे हे जास्त अवघड प्रशिक्षण. ओनो आपल्या अभियंत्यांना जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तासन् तास उभे करत आणि नुसते पाहायला लावत, असे सांगतात.

भीतीचे आणखी एक कारण आहे. पाच जणांचे काम चौघांत बसवण्याची युक्ती सुचवणाऱ्यालाच पाचवा म्हणून घरी पाठवले, तर पुन्हा कोण सुचवेल? वाचलेल्या वेळात त्या माणसाला दुसरे काम मिळेल हा भरवसा नसेल, तर भिंतीवरचे तक्ते भिंतीवरच राहतात.

हे आता मोठ्या कंपन्यांपुरते उरलेले नाही. १० मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने लहान उद्योगांसाठी लीन योजना नव्या रूपात सुरू केली. प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तिचे तीन स्तर ठेवले आणि सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारने उचलायचे ठरवले. लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. चाकूरच्या शाळेतली मुले उद्या आय.टी.आय. करून अशा ठिकाणी उभी राहतील.

त्यांची तयारी आजच्या वर्गात होते. "सर, समजले नाही" असे म्हणणारा मुलगा दोरीच ओढत असतो. त्या वेळी तास थांबतो की मुलगा गप्प बसतो, यावरून तो पुढे कारखान्यात काय करील हे बरेचसे ठरते. सत्र संपल्यावर घेतलेली परीक्षा म्हणजे वीस पाकिटांचा गठ्ठा. चूक लवकर कळावी म्हणून आपल्या विषयात तो गठ्ठा किती लहान करता येईल?