स्वयंपाकघरातील साठवण

स्वयंपाकघर नव्याने करावयाचे म्हटले की चर्चा फरशीच्या रंगापासून सुरू होते. आमच्या मते आधी मोजावीत ती राबणारीची पावले. १९२६ साली फ्रांकफुर्टच्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी स्वयंपाकघर आखले ते याच हिशेबाने. पीठ-तांदळाचे खणही हाताशी ठेवले. आपले फडताळ आणि माळा तरी दुसरे काय सांगतात? रोजचे हाताशी, वर्षाचे वर.

छत्रपती संभाजीनगरात मात्र पहिली साठवण पाण्याची. जायकवाडीचे पाणी येथे वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो भार. म्हणून तोटीच्या पिंपाची जागा नळालगत, ओट्याच्या उंचीवर आधी सोडावी, कपाटे मागाहून. आणि आराखडा सुताराला दाखविण्यापूर्वी तो भार उचलणारीला विचारावा.