जोडणारा प्रकाश

निळा प्रकाश म्हटला की आम्हां बालरोगतज्ज्ञांना नवजात अर्भकाची कावीळ आठवते. तेथे प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण पालटतो. दंतवैद्यांचा निळा दिवा मात्र रेणू जोडतो. दाढेत भरलेल्या मऊ रेझिनमध्ये बहुधा कॅम्फरक्विनोन असते, म्हणजे आपल्या देवघरातील कापराचेच भावंड. त्याने प्रकाश शोषला की सुटे रेणू साखळ्यांत गुंफले जातात आणि काही सेकंदांत दाढेतले मिश्रण कठीण होते. हेच प्रकाशजन्य बहुवारिकीकरण.

याच्या जवळची क्रिया डोळ्यावरही करता येते. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालून ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत ३० मिनिटे. कोलॅजेन हे निसर्गाने घडविलेले बहुवारिक. त्याच्या तंतूंत नवे दुवे निर्माण होऊन कॉर्निया ताठर होतो. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी रुग्णांवरील अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत हा उपचार होतो. त्याने बहुतेकांचा शंकू वाढायचा थांबतो. गेलेली नजर मात्र क्वचितच पूर्ण परत येते.

माझ्याकडे येणारा एक मुलगा दर उन्हाळ्यात डोळे चोळत असे. मी ॲलर्जीचे थेंब लिहून देत राहिलो. चष्म्याचा नंबर विचारला नाही. निदान झाले तेव्हा एका डोळ्याचा कॉर्निया या उपचारापलीकडे पातळ झाला होता. आता डोळे चोळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला मी चष्म्याचा कागद आणावयास सांगतो, आणि सिलिंडरचा नंबर वाढत असेल तर त्याच आठवड्यात कॉर्नियाचा आलेख काढण्यास धाडतो.