खेळ आणि कारभार : भाग 6 – कर्णधाराला मत कुठे असतं?

जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना आणि सर्वांत वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, ही उतरंड आपण मागच्या भागात पाहिली. आज प्रश्न असा, की देशाचं कर्णधारपद भूषवलेला खेळाडू या उतरंडीत कुठे बसतो?

गोव्यातल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर ऐंशीच्या दशकात भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार होते. साळगावकर क्लबचा गोल त्यांनी वर्षानुवर्षं राखला. त्यांच्याच काळात गोव्याने 1983 मध्ये बंगालच्या जोडीने आणि 1984 मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला. 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्ष झाले. गावोगावच्या मुलांना प्रशिक्षण देणारी ही संस्था गोवा सरकारची आहे, म्हणजे तिथली खुर्ची नेमणुकीने मिळते. महासंघाची खुर्ची मात्र मतांवर मिळते आणि खेळाडूची अडचण तिथेच सुरू होते.

आपल्या जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. विघ्नहर सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाकडे शेअर असतो, त्या शेअरवर मत असतं, म्हणून तो सर्वसाधारण सभेत उभा राहून संचालकांना जाब विचारू शकतो. फुटबॉलमध्ये घाम गाळणाऱ्याच्या नावावर शेअरच नव्हता. मतं होती राज्य संघटनांची.

2022 मध्ये हे उघड दिसलं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल मुदत संपल्यावरही महासंघाच्या अध्यक्षपदी होते. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे दिला. माजी कर्णधार भास्कर गांगुली या समितीत होते. समितीने राज्य संघटनांच्या बरोबरीने माजी खेळाडूंनाही मताधिकार देऊ केला. ऑगस्टमध्ये ‘फिफा’ने बाहेरचा हस्तक्षेप म्हणत भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वरला होणारा मुलींचा 17 वर्षांखालील विश्वचषक हातचा जाण्याची वेळ आली. न्यायालयाने समिती बरखास्त केली, निलंबन उठलं. पण खेळाडूंची मतंही गेली.

2 सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला भारताचा दीर्घकाळ कर्णधार राहिलेला बायचुंग भुतिया, दुसऱ्या बाजूला मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक व भाजपचे नेते कल्याण चौबे. भुतियाच्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन राज्य संघटना होत्या. मोजणी झाली तेव्हा चौबेंना 33 मतं आणि भुतियाला 1. ज्यांच्यासमोर तो खेळला त्या प्रेक्षकांना मत नव्हतं आणि ज्यांच्यासोबत खेळला त्या सहकाऱ्यांनाही नव्हतं. पुढे भुतिया, आय. एम. विजयन, गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स असे सहा माजी खेळाडू कार्यकारिणीत घेतले गेले. तेही निवडून नव्हे, तर स्वीकृत सदस्य म्हणून.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मंजुरी दिली. तिच्यानुसार 14 जणांच्या कार्यकारिणीत 5 माजी खेळाडू असतील आणि त्यांपैकी 2 महिला. त्यासाठी पुरुषांना किमान 5 आणि महिलांना 2 आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट आहे. खेळाडूंचा शेअर अखेर कागदावर आला.

तरीही, चांगला खेळाडू आपोआप चांगला कारभारी होतो, असं मी म्हणणार नाही. मिशेल प्लातिनी फ्रान्सचा थोर कर्णधार, 2007 मध्ये युरोपीय फुटबॉलचा अध्यक्ष झाला आणि 2015 मध्ये पैशांच्या एका व्यवहारावरून त्याच्यावर बंदी आली. हिशेब तपासणं, वेळापत्रक आखणं, मैदानासाठी सरकारदरबारी खेटे घालणं हे शिकावंच लागतं. माझी मागणी एवढीच, की ते शिकण्याची संधी आणि चुकल्यास घरी बसवणारी मतपेटी, दोन्ही खेळाडूंच्या वाट्याला यावीत. जुन्नर-आंबेगावातल्या शाळांच्या मैदानावर आज अनवाणी खेळणाऱ्या मुलीला उद्या पुण्याच्या जिल्हा संघटनेत स्वतःच्या हक्काने बोलता आलं, तरच दिल्लीतली ती नवी घटना आपल्यापर्यंत पोहोचली असं म्हणता येईल.

(पुढील भागात : पंच कोण नेमतं?)