शिसं आळशी, प्लॅटिनम चपळ

घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत एक कोडं दडलेलं आहे. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचं विघटन व्हायला 1.23 व्होल्ट पुरतात. बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये तर 2 व्होल्ट असतात आणि आत आम्ल घातलेलं पाणीच असतं. मग त्या पाण्याचा वायू होऊन ते केव्हाच उडून का जात नाही? उत्तराचा मोठा भाग ऋण पट्टीवरच्या शिशाच्या आळशीपणात आहे: त्याच्यावर हायड्रोजन फार हळू सुटतो. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढण्याबद्दलचे पाच गैरसमज तपासले की हा आळस उलगडतो.

गैरसमज 1: चांगला उत्प्रेरक मिळाला की वीज जवळपास लागणारच नाही.

वस्तुस्थिती: 1.23 व्होल्ट हा निसर्गाचा भाव आहे, त्यात घासाघीस चालत नाही. किलोभर हायड्रोजनला किमान 33 युनिटच्या आसपास वीज लागतेच. प्रत्यक्ष यंत्रात हा आकडा 50 च्या वर जातो. वरच्या खर्चाचा एक हिस्सा अभिक्रिया वेगाने ढकलण्यासाठी मोजावा लागतो, त्याला अतिविभव म्हणतात. उत्प्रेरक कमी करतो तो एवढाच हिस्सा.

गैरसमज 2: वीज वाहून नेणारा कोणताही धातू चालतो.

वस्तुस्थिती: शुद्ध जस्ताचा तुकडा विरल सल्फ्युरिक आम्लात टाकला, तर बुडबुडे रेंगाळत येतात. त्यात मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका, लगेच फसफसायला लागतं. जस्तावर तांब्याची पुटं चढतात. जस्त विरघळताना सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्यावर पोचतात आणि तिथे हायड्रोजन झपाट्याने तयार होतो. वीजवाहक दोन्ही धातू आहेत, फरक पृष्ठभागाचा आहे. कसलंही जादा व्होल्टेज नसताना प्लॅटिनमवर या अभिक्रियेचा जो मूळ वेग असतो, त्याच्या जवळपास एक अब्जांश वेग शिशावर किंवा पाऱ्यावर असतो.

यूलियुस टाफेल यांनी 1905 साली या वेगाचं गणित मांडलं: प्रवाह दहापट करायचा तर दर वेळी ठरावीक जादा व्होल्टेज द्यावं लागतं. आम्लात पाऱ्यावर ते सुमारे 120 मिलिव्होल्ट, तर प्लॅटिनमवर सुमारे 30.

गैरसमज 3: धातूने हायड्रोजनला जितकं घट्ट धरावं तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: आधी प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेऊन धातूवर बसतो. मग शेजारच्या अणूशी किंवा द्रावणातल्या दुसऱ्या प्रोटॉनशी त्याची जोडी जमते आणि वायू सुटतो. पारा अणूला नीट बसूच देत नाही. टंगस्टन बसवून घेतो, पण उठू देत नाही. प्लॅटिनमची पकड मधली, म्हणून वेग सर्वाधिक. सगळ्या धातूंची पकड आणि वेग आलेखावर मांडला की ज्वालामुखीच्या डोंगरासारखा आकार दिसतो आणि प्लॅटिनम शिखराजवळ असतं. मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पापुद्र्यांच्या कडा याच निकषावर उपयोगी ठरल्या. त्यांचा सपाट भाग मात्र जवळपास निष्क्रियच असतो.

गैरसमज 4: प्लॅटिनम सगळीकडे अव्वल, आणि हायड्रोजन महाग तो त्याच्यामुळेच.

वस्तुस्थिती: अल्कधर्मी द्रावणात मोकळे प्रोटॉन जवळपास नसतात, ते पाण्याच्या रेणूतून ओढून काढावे लागतात. तिथे प्लॅटिनमचाही वेग आम्लातल्यापेक्षा सुमारे शंभरपट घटतो. अल्कधर्मी विद्युतअपघटनाच्या कारखान्यांत म्हणून स्वस्त निकेलवर काम भागवतात. शिवाय खरी रखडपट्टी बहुधा दुसऱ्या बाजूला, धनाग्रावर ऑक्सिजन सुटताना होते. आम्लात तिथे दुर्मीळ इरिडियम लागतं. आणि हायड्रोजनच्या किमतीत सहसा सर्वांत मोठा वाटा विजेच्या बिलाचाच असतो.

गैरसमज 5: मंद उत्प्रेरक म्हणजे निरुपयोगी धातू.

वस्तुस्थिती: शिसं चपळ असतं, तर बॅटरी चार्ज करताना सगळी वीज पाणी फोडण्यातच गेली असती. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळीत अँटिमनी मिसळत. ते हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसतं, हायड्रोजनला वाट करून देतं आणि पाणी वारंवार भरावं लागतं. कमी देखभालीच्या बॅटऱ्यांत त्याऐवजी कॅल्शियम आलं ते यामुळेच. डिस्टिल्ड वॉटरचा आग्रहही उगाच नाही: चुकीच्या धातूचा अंश आत गेला, तर शिशाचा हा कामाचा आळस मोडतो.