एकोणीस रुपयांची वाहिनी

पेपरात टीव्हीची बातमी आली की मी ती पहिल्या पानाच्याही आधी वाचते. कुठली मालिका निरोप घेतेय, कुणाची वेळ बदलली, कुठल्या वाहिनीचे दर वाढले! घरचे हसतात. “तुला काय करायचंय त्याचं?” म्हणतात. मैत्रिणींनो, या बातम्यांमध्ये आपली संध्याकाळ असते आणि आपल्या डब्यातले पैसेही असतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तेव्हा वाहिनी एकच, त्यामुळे भांडण नव्हतं. १९९९ साली अल्फा मराठी आली, तीच २००५पासून झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी आली, तिचं २०१५मध्ये कलर्स मराठी झालं. ‘आभाळमाया’, ‘चार दिवस सासूचे’ या मालिकांनी आपल्याला रोजचा हक्काचा अर्धा तास दिला. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये तर आदेश भावोजी थेट बाईच्या घरी जाऊन तिलाच बोलतं करायचे. २०२२ साली तो कार्यक्रम संपल्याची बातमी वाचली, तेव्हा आमच्या नेरळच्या बचत गटात पैठणीपेक्षा त्या गप्पांचीच आठवण जास्त निघाली.

पण सगळ्यात मोठी बातमी होती २०१९ची. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे पेपरवाल्यांच्या भाषेत ‘ट्राय’, यांचे नवे नियम १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाले. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करायची आणि ग्राहकाला हवी तेवढीच वाहिनी द्यायची. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैसे मोजून बघायच्या वाहिन्यांचे वेगळे. मी तर खूशच झाले. भाजीसारखं निवडून घ्यायचं, टोपलीभर कशाला घ्यायची?

निवड ग्राहकाची खरी, पण घरातला ग्राहक कोण? कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, मोबाईल नंबर मुलाचा. त्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, “तुमच्याकडे वाहिन्या कोणी निवडल्या?” एकीच्या घरी केबलवाल्यानेच ‘पॅक’ लावून दिला होता. दुसरी म्हणाली, “बिल कमी करायचं म्हणून माझी मराठी काढली, मॅचची ठेवली.” आता गंमत बघा. तेव्हा झी मराठीची किंमत १९ रुपये होती आणि स्टार स्पोर्ट्स वनचीही १९च! पैसे सारखेच, मग काटछाट नेमकी हिच्या वाहिनीवर का? तिचे मालक कर्जत लोकलने दमून घरी येतात, हे मान्य. पण ही पहाटे चारला उठून डबा करते, तिला दम लागत नाही का?

हिशेब मांडा. १९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला तर २२ रुपये ४२ पैसे. दिवसाला पाऊण रुपया. एवढ्यात नेरळच्या बाजारात कोथिंबिरीच्या चार काड्याही येत नाहीत. प्रश्न पैशांचा असता तर दोघांनी बसून ठरवला असता. इथे तिला कुणी विचारलंच नाही.

मालिका सगळ्याच चांगल्या असतात, असं मी म्हणत नाही. त्याच त्या कटकारस्थानांचा मलाही कंटाळा येतो. पण कंटाळा आला की बंद करायचं ते तिने करावं, दुसऱ्याने परस्पर नव्हे.

पुढची बातमीही लक्षात ठेवा. जुलै २०२४मध्ये ट्रायने त्या १३० रुपयांच्या आकारावरची कमाल मर्यादा काढून टाकली. म्हणजे आता प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा असू शकतो. तेव्हा बिल हातात घेऊन वाचा. कुठल्या वाहिन्यांचे पैसे जातात, त्यातली कोण कुठली बघतं, ते लिहून काढा. पॅक नको असेल तर एकेक वाहिनी सुटी मागता येते. महिन्याचे पैसे परवडतच नसतील तर २००४मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डिश आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. त्यावर सगळ्या खासगी मराठी वाहिन्या दिसत नाहीत, पण सह्याद्री दिसते.

आमच्या गटात पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर टीव्हीचं बिलही आणायचं ठरलंय. तुम्हीही आणा. आणि ज्या घरात बिल बाईच्या हातात कधी आलंच नसेल, तिथे आधी तेवढं मागून घ्या.