पाठीवरचं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी तंबू ठोकू देत नाहीत. पक्क्या भिंतींची गाडी असेल तरच मुक्काम. कारण अस्वलं. इथल्या नदीत ट्राउट मासे अंडी घालायला येत, त्यांच्या मागावर ग्रिझली येत, आणि माणसांनी तळही नेमका तिथेच थाटला! निवृत्तीनंतर आम्ही नवराबायकोंनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली तेव्हा ती हौस होती; त्या रात्री बाहेर काहीतरी खसफसलं आणि तिच्या भिंतीची किंमत कळली.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर खरं, पण विंचवाला संडासाची टाकी रिकामी करावी लागत नाही. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असं सगळं देणारा तळ अख्ख्या यलोस्टोनमध्ये हा एकच. इतरत्र टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं. तांब्याभर पाण्यात भांडी विसळायची आजीची रीत इथे कामी आली.

मुक्काम कधी हलवायचा हे बर्फ ठरवतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला यलोस्टोनचे बहुतेक रस्ते चाकांच्या गाड्यांना बंद होतात, ते एप्रिलमध्येच उघडू लागतात. धनगरांचे वाडे पावसाळा सरला की कोकणात उतरतात, तशी आरव्हीत राहणारी मंडळी दक्षिणेला निघतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहण्याचा परवाना १८० डॉलरला मिळतो. स्वस्त आहे, पण आम्हाला तिथली गाड्यांची जत्रा मानवली नाही. आम्ही फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स गाठलं.

एव्हरग्लेड्स पाहावं ते हिवाळ्यातच. उन्हाळ्यात सगळीकडे पाणी, त्यामुळे प्राणी पांगलेले. भेटतात ते फक्त डास. डिसेंबर ते एप्रिल पाणी आटत जातं, मासे उरल्यासुरल्या डबक्यांत अडकतात आणि त्यांच्यासाठी बगळे, करकोचे, ॲलिगेटर एकाच काठावर जमतात. त्यातली काही डबकी ॲलिगेटरनेच उकरलेली असतात. त्याने स्वतःसाठी राखलेल्या पाण्यावर कितीतरी जीव कोरडा ऋतू काढतात. अनहिंगा ट्रेलवर आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा चुलतभाऊ पंख पसरून वाळवत बसलेला असतो, अगदी हातभर अंतरावर. तिथून पुढे रस्ता संपतो तो फ्लेमिंगोला. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या या टापूत ॲलिगेटर आणि मगर दोन्ही दिसतात. असं निसर्गतः जगात फक्त दक्षिण फ्लोरिडातच घडतं.

आमची चूक झाली ती गाडीच्या लांबीत. ग्लेशियर पार्कमधल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या घाटात २१ फुटांहून लांब गाडी जाऊ देत नाहीत. आमची तीस फुटी. ती खाली ठेवून आम्ही शटलने वर गेलो.

ताडोबात जिप्सीतून उतरायचं नसतं आणि वेळ संपली की गेटबाहेर पडायचं असतं. इथे आपण जंगलातच झोपतो, पायी फिरतो, म्हणून अंतर आपणच राखायचं: यलोस्टोनमध्ये अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकीच्या बहुतेकांपासून २५. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. लामार खोऱ्यात ते दिसावेत म्हणून आम्ही सलग पाच पहाटे खुर्च्या टाकून बसलो. चौथ्या पहाटेपर्यंत फक्त बायसनच दिसले. पाचव्या पहाटे दूरच्या उतारावर तीन ठिपके हलले.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांनो, एकदा हिवाळ्यात एव्हरग्लेड्सला जा. उन्हाळ्यात त्या घाटात जायचं असेल तर गाडी भाड्याने घ्याल ती २१ फुटांच्या आतली घ्या, आणि दोन घडीच्या खुर्च्या विसरू नका.